जीन, प्रेस आणि गाठ

वऱ्हाडातल्या कापसाच्या कोणत्याही गावात शिरताना ‘जिनिंग अँड प्रेसिंग फॅक्टरी’ अशी पाटी कुठे ना कुठे दिसतेच. खामगावही त्याला अपवाद नाही. हे दोन शब्द एकमेकांना इतके चिकटून येतात की बोलताना ‘जिनिंग-प्रेसिंग’ हा एकच शब्द होऊन जातो. कामे मात्र दोन आहेत. जिनात कापसातली सरकी वेगळी होते आणि हाती रुई येते. प्रेसमध्ये ती रुई दाबून तिची गाठ बांधली जाते. भाषेच्या अभ्यासकाला या दोन शब्दांत आणखी एक फरक दिसतो. ‘प्रेस’ हा एकच शब्द असून त्याला अनेक अर्थ फुटले आहेत. ‘जीन’च्या बाबतीत अनेक वेगवेगळे शब्द योगायोगाने एका उच्चारात येऊन बसले आहेत. पहिल्या प्रकाराला अनेकार्थता म्हणतात, दुसऱ्याला समरूपता. कोशकार पहिल्या प्रकारच्या शब्दाची एकच नोंद करून तिच्याखाली अर्थांना क्रमांक देतो आणि दुसऱ्या प्रकारात नोंदीच वेगळ्या करतो. पाठ्यपुस्तके इथवर सांगून थांबतात. माझे म्हणणे त्यापुढचे आहे. शब्द एक आहे की अनेक, हे त्या शब्दाच्या अंगी कायमचे कोरलेले नसते. शब्द दुसऱ्या भाषेत गेला, दुसऱ्या धंद्यात रुजला, की हा हिशेब नव्याने मांडावा लागतो. इंग्रजीत एक असलेला ‘प्रेस’ मराठीत येताना एक राहिलेला नाही. हे तपासायला खामगावइतके सोयीचे गाव शोधून सापडणार नाही, कारण तो शब्द इथे कशासाठी आला आणि कोणत्या वाटेने आला, हे नेमके सांगता येते.

खामगावच्या कापूस-व्यापाराची सुरुवात १८२०च्या सुमारास झाली. काही व्यापाऱ्यांनी दुकाने थाटली. तूप, सूत आणि थोडा कापूस असा तो व्यवहार होता. त्या काळात वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून थेट गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जाई आणि तिथून नावेने कलकत्त्याला. वाटेत पाऊस, धूळ, चोरी आणि बैलांचे मरण हे सारे धरूनच भाव ठरे. १८५३मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले, तिथला कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. भुसावळहून नागपूरकडे जाणारा लोहमार्ग १८६७मध्ये नागपूरला पोचला, पण खामगाव त्या मार्गापासून आठ मैल बाजूला राहिले. कापसाच्या एवढ्या मोठ्या पेठेला बाजूला ठेवणे परवडणारे नव्हते. म्हणून त्या मार्गावरच्या जलंबपासून खामगावपर्यंत आठ मैलांचा फाटा टाकला गेला आणि १८७०च्या मार्चमध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो त्याच्या उद्‌घाटनाला इथे आला. आठ मैलांच्या रुळांसाठी हिंदुस्थानच्या व्हाइसरॉयने खामगाव गाठावे, यावरूनच त्या काळात कापसाचे वजन काय होते ते कळते.

आगगाडी आली आणि प्रेसची गरज टळणे अशक्य झाले. रुई हलकी असते आणि जागा मात्र भरमसाट अडवते. सैल रुईने डबा शिगोशीग भरला तरी त्यात वजन जेमतेम असते. जहाजाचे भाडेही आकारमानावर ठरते. त्यामुळे रुई जितकी दाबावी तितके मणामागचे भाडे कमी. सुरुवातीला माणसांनी फिरवायचे मळसूत्री दाबे होते, त्यांत गाठ अर्धीमुर्धीच दाबली जाई आणि मुंबईला पोचल्यावर ती पुन्हा दाबावी लागे. मग वाफेवर चालणाऱ्या प्रेस कापसाच्या पेठेतच उभ्या राहिल्या. व्यापारी आजही पूर्ण दाबलेल्या गाठीला ‘एफपी गाठ’ म्हणतात, म्हणजे फुल प्रेस. त्या दोन अक्षरांत अर्ध्या दाबलेल्या गाठींच्या काळाची आठवण उरली आहे. तेव्हा खामगावात ‘प्रेस’ हा शब्द यंत्राच्या पोटातून आला. आधी ते यंत्राचे नाव होते, मग ज्या इमारतीत यंत्र बसले तिचे झाले, मग त्या आवाराचे, आणि शेवटी तिथल्या कामाच्या हंगामाचेही. ‘प्रेस चालू झाली’ म्हणजे दिवाळीनंतरचा कापूस आला, हाताला काम मिळाले. कापूसवेचणीपासून गाठीपर्यंत ज्यांचे पोट या कामावर होते त्यांच्या तोंडी या शब्दाला छापखान्याचा किंवा वर्तमानपत्राचा वासही नव्हता.

आता इंग्रजीतला ‘प्रेस’ पाहू. त्याचे मूळ लॅटिनमधल्या दाबण्याच्या क्रियापदात आहे. फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत आला. पहिला अर्थ दाबणे, त्यावरून दाबण्याचे साधन. युरोपात द्राक्षांचा आणि ऑलिव्हचा रस काढायला मळसूत्राचे मोठे दाबे असत. पंधराव्या शतकाच्या मध्याला माइन्झमध्ये गुटेनबर्गने तसाच दाब शाई लावलेल्या खिळ्यांवर कागद दाबायला वापरला, आणि रस काढणाऱ्या यंत्राचे नाव छापणाऱ्या यंत्राला मिळाले. यंत्रावरून ते छापखान्याला लागले, छापखान्यावरून तिथे छापल्या जाणाऱ्या नियतकालिकांना, नियतकालिकांवरून ती लिहिणाऱ्या माणसांना. आयर्लंड आणि स्कॉटलंडमध्ये तर कपाटालाही प्रेस म्हणतात. प्रत्येक पायरी मागच्या पायरीला टेकून उभी आहे, आणि इंग्रजी माणसाला थोडा विचार केला तर सगळी शिडी दिसते, कारण तळची पायरी, म्हणजे दाबणे, त्याच्या रोजच्या बोलण्यात जिवंत आहे. मराठीत हेच ‘पान’ या शब्दाने केले आहे. झाडाचे पान, विड्याचे पान, वहीचे पान, आणि जेवायला वाढलेले पान. पत्रावळ जाऊन स्टीलचे ताट आले तरी पान वाढले जाते आणि पानावरून उठता येत नाही. या चारही पानांमागचे झाड एक आहे, हे मराठी माणसाला कोश न उघडता कळते.

इंग्रजीतला हा वृक्ष आपल्याकडे आला तेव्हा मुळासकट उपटून आलेला नाही. त्याच्या फांद्या वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या माणसांनी तोडून आणल्या आणि वेगवेगळ्या जमिनीत खोवल्या. छपाईची फांदी मुंबईत आली. गणपत कृष्णाजींनी १८३१मध्ये शिळाछापावर पंचांग काढले. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ला निघाले. त्या व्यवहारासाठी ‘छापखाना’ हा शब्द मराठीत रुजला आणि तो इतका बळकट निघाला की छपाईच्या अर्थाने ‘प्रेस’ला बराच काळ त्याच्या शेजारी दुय्यम जागा मिळाली. वृत्तपत्रांची फांदी सरकारी कागदांतून आली. लॉर्ड लिटनच्या १८७८च्या कायद्याने देशी भाषांतल्या वृत्तपत्रांवर बंधने घातली, आणि ‘प्रेस अ‍ॅक्ट’ हे शब्द संपादकांच्या धास्तीत आणि संतापात शिरले. कापसाची फांदी लँकेशायरच्या गरजेपोटी रुळांवरून खामगावला पोचली. कपड्यांची फांदी परटाच्या आणि शिंप्याच्या दुकानातून, बरीचशी हिंदीच्या सोबतीने विदर्भात पसरली. पुण्यात कपड्यांना इस्त्री होते, तर खामगाव-अकोल्याकडे ‘प्रेस करून आण’ हे सहज कानावर पडते. सगळ्यांत धाकटी फांदी बटणाची: फोनवरचा ध्वनिमुद्रित आवाज ‘एक दाबा’ म्हणतो, पण माणसे ‘एक प्रेस करा’ म्हणतात. पाच फांद्या पोचल्या. खोड मात्र तिकडेच राहिले, कारण दाबण्यासाठी मराठीला परक्या शब्दाची गरजच नव्हती. कुणी पाय ‘प्रेस करून’ मागत नाही, उसाचा रस ‘प्रेस करून’ काढत नाही. खोडच नाही म्हटल्यावर फांद्यांना एकमेकींशी जोडणार कोण? मराठी बोलणाऱ्याच्या मनात कापसाची प्रेस आणि पत्रकारांची प्रेस यांच्यात धागा उरत नाही. इंग्रजीत जी अनेकार्थता होती ती मराठीत आल्यावर समरूपता झाली, असे मी म्हणतो ते यासाठी.

हे फक्त ‘प्रेस’चे भाग्य आहे असे नाही. ऑक्सफर्डच्या थोरल्या इंग्रजी कोशाच्या १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत जास्त जागा ‘सेट’ या क्रियापदाने खाल्ली होती, सुमारे ४३० अर्थ. पुढच्या सुधारणेत ‘रन’ या क्रियापदाने त्याला मागे टाकले. त्याचे ६४५ अर्थ कोशकारांनी मोजले. भाषाशास्त्रज्ञ झिफने १९४५मध्ये दाखवले होते की शब्द जितका जास्त वापरला जातो तितके त्याचे अर्थ जास्त असतात, आणि हे दोन शब्द त्याचे ठळक उदाहरण. पण मराठीत ‘रन’ आला तो कशासाठी? क्रिकेटच्या धावेसाठी, आणि फार तर ‘प्रोग्राम रन करणे’ या संगणकाच्या बोलीत. सहाशेपंचेचाळीस खोल्यांच्या वाड्यातल्या दोन खोल्या आपण भाड्याने घेतल्या. ‘सेट’चेही तसेच: नाटकाचा सेट, टीव्हीचा सेट, टेनिसमधला सेट, आणि ‘आता तो तिकडे सेट झाला’. आणि यांच्या रांगेत बिनदिक्कत येऊन बसलेली ‘सेट’ परीक्षा तर त्या घराण्यातलीच नाही; ती अद्याक्षरांची बनलेली आहे. उसना शब्द अर्थांचा गठ्ठा घेऊन येत नाही. ज्या वस्तूसोबत किंवा ज्या कामासोबत तो आला, तेवढाच अर्थ त्याच्या पदरी असतो. पुढे तो इथल्या मातीत स्वतःचे नवे धुमारे फोडतो, ही गोष्ट वेगळी. जलंबहून खामगावला आली ती रेल्वेची लाइन. पण वऱ्हाडात ‘लाइन गेली’ म्हटले की माणसे मेणबत्ती शोधू लागतात. वीज जाणे हा ‘लाइन’चा अर्थ आपण इथे घडवला, आणि तो इतका नैसर्गिक आहे की बोलणाऱ्याला तो उसना वाटतच नाही.

‘जीन’ची कथा उलट बाजूने चालते. कापसाच्या यंत्राला इंग्रजीत जे नाव पडले ते ‘इंजिन’चे अर्धे तोडलेले रूप आहे. म्हणजे खामगावच्या फाट्यावर आलेले इंजिन आणि गावातले जीन हे सख्खे भाऊ आहेत, आणि हे नाते आपल्याकडे कुणाच्याच लक्षात येत नाही. जीनचे कापड मात्र इटलीतल्या जेनोआ शहराच्या नावावरून आले. आपल्याकडे जीनचा कोट ही जुन्या पिढीच्या बोलण्यातली वस्तू, जीनची पँट नव्या पिढीची. घोड्यावर कसतात ते जीन फारसीतून आलेले, खोगिराचे नाव, आणि मराठीत या सगळ्यांत वडील. आणि आनुवंशिकतेचा जीन, ज्याला आपण जनुक म्हणतो, तो शब्द डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ योहानसेन याने १९०९मध्ये ग्रीक धातूवरून बांधला. चार शब्द, चार कुळे, एक उच्चार. एरवी यांची भेट होण्याचे कारण नव्हते, पण कापसाने ती घडवून आणली. २००२मध्ये बीटी कापसाला भारतात परवानगी मिळाली. त्या बियाण्यात बोंडअळीला मारक ठरणारे प्रथिन तयार करणारा एका जिवाणूचा जीन घातलेला असतो. त्या बियाण्याचा कापूस जिनात जातो, तिथून निघालेल्या रुईचे सूत होते, आणि त्या सुताची जीन विणली जाते. एकाच बोंडाच्या प्रवासात तीन परके शब्द एका आवाजात भेटतात आणि एकमेकांना ओळखत नाहीत. मराठीत कापसाच्याच घरात अशी जोडी पूर्वीपासून आहे. समईतली वात संस्कृत ‘वर्ति’पासून आली आणि अंगातला वात वाऱ्यापासून. लिहिताना दोघे तंतोतंत सारखे दिसतात, पण नाते कसलेही नाही, आणि लिंगही वेगळे: ती वात, तो वात.

इथे एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. बोलणारा माणूस लॅटिन, फारसी, ग्रीक जाणत नाही. मग एक शब्द की अनेक, हे मुळावरून ठरवण्यात काय अर्थ? त्याच्या दृष्टीने कापसाची प्रेस आणि पत्रकारांची प्रेस जितकी लांब, तितकेच जिनाचे आणि जीन पँटचे अंतर. हा आक्षेप मला मान्य आहे, आणि तो मान्य केल्यानेच माझा मुद्दा बळकट होतो. मुळावरून केलेली विभागणी शब्दाचा इतिहास सांगते. आज तो शब्द लोकांच्या मनात कसा नांदतो हे तिच्यातून कळत नाही. इंग्रजीत सुद्धा ही विभागणी फसवते. खलाशांना जबरदस्तीने आरमारात ओढून नेणाऱ्या टोळ्यांना तिकडे ‘प्रेस गँग’ म्हणत. कुणालाही वाटेल की दाबून, जबरदस्तीने नेले म्हणून प्रेस. प्रत्यक्षात तो वेगळाच शब्द आहे. भरतीच्या वेळी हातावर ठेवलेल्या उसन्या पैशांसाठी असलेल्या जुन्या शब्दाचे ते बदललेले रूप. लोकांना दाबण्याचा अर्थ जवळचा वाटला आणि दोन कुळे एक झाली. इंग्रजीने जिथे परके शब्द एकत्र आणले तिथे आपण सख्खे शब्द वेगळे केले. दोन्हीकडे निर्णय बोलणाऱ्या समाजाने घेतला, व्युत्पत्तीला विचारले नाही.

समाजाचा निर्णय शोधायचा तर व्युत्पत्तीपेक्षा वाक्य पाहावे. ‘प्रेसिंग’ हे रूप मराठीत कापसाच्या कारखान्याला चिकटले आहे. वर्तमानपत्राच्या संदर्भात ते येत नाही. ‘प्रेस करणे’ कपड्याला आणि बटणाला लागते. रुईच्या बाबतीत माणूस ‘गाठ बांधली’ असेच म्हणतो. ‘प्रेस नोट’, ‘प्रेस कॉन्फरन्स’, मोटारसायकलच्या पाटीवरचे ‘प्रेस’, हे सगळे पत्रकारांकडे बोट दाखवतात. रूपे आणि जोड्या अशा वाटून घेतल्या असल्याने गोंधळाला जागा फार थोडी उरते. ती जिथे उरते तिथेही भाषा हात देते. ‘प्रेसला दिलं’ एवढेच वाक्य घ्या. साडी प्रेसला दिली, लग्नाची पत्रिका प्रेसला दिली, आमदारांचे निवेदन प्रेसला दिले. क्रियापद एक, विभक्ती एक, शब्द एक. फक्त काय दिले ते बदलले की साडी परटाकडे जाते, पत्रिका छापखान्यात आणि निवेदन वार्ताहराकडे. ‘प्रेसवाला आला’ हेही तसेच. घराच्या दारात आलेला प्रेसवाला हिशेबाने कपडे मोजतो, सभेच्या मांडवात आलेल्या प्रेसवाल्याला पुढची खुर्ची देतात, आणि बाजार समितीच्या आवारात कापूस पाहत फिरणाऱ्या प्रेसवाल्याभोवती शेतकरी गोळा होतात. ऐकणारा अर्थ निवडण्यासाठी क्षणभरही थांबत नाही, कारण जागेने निवड आधीच केलेली असते.

दुसरा आक्षेप भाषाप्रेमींचा, आणि तो आस्थेतून येतो म्हणून त्याला आस्थेनेच उत्तर द्यायला हवे. ते म्हणतात, हा सगळा खटाटोप परका शब्द घेतल्यामुळे. दाबयंत्र, मुद्रणालय, वृत्तपत्रे, इस्त्री असे चार शब्द ठेवा, चार अर्थ आपोआप वेगळे होतील. यातले काही मलाही हवे आहे. ‘पत्रकार परिषद’ हा सुंदर आणि जिवंत शब्द आहे, तो असताना ‘प्रेस कॉन्फरन्स’ म्हणण्याची गरज नाही. ‘छापखाना’ आपण हातचा घालवला तर ते आपले नुकसान आहे. पण निदानात चूक आहे. अनेक अर्थ ही परक्या शब्दांनी आणलेली साथ असती तर ‘पान’ आणि ‘वात’ यांचे काय? शिवाय ज्यांना आपण घरचे समजतो त्यांची घरे पाहिली तर ‘छापखाना’तला ‘खाना’ फारसी निघतो, आणि ‘इस्त्री’ पोर्तुगीजांकडून आल्याचे सांगितले जाते. ‘दाबयंत्र’ हा शब्द कागदावर निर्दोष आहे, पण वाफेची शिट्टी झाल्यावर आत शिरणाऱ्या मजुराने तो कधी उच्चारला नाही, आणि जो शब्द काम करणाऱ्याच्या तोंडी रुळत नाही त्याला कोश वाचवू शकत नाही. याच कामात मराठीने आपली जागा कुठे धरली तेही पाहण्यासारखे आहे. कापूस, बोंड, सरकी, रुई, आणि गाठ: मालाची सगळी नावे मराठी राहिली. परकी झाली ती यंत्रांची नावे. इंग्रजी व्यापाऱ्याचा ‘बेल’ हा शब्द गोदामाच्या वह्यांत दिसेल, पण प्रेसमधून जे बाहेर पडते ती गाठ.

आणि ही ‘गाठ’ स्वतः किती श्रीमंत आहे! दोरीची गाठ, मनात बांधलेली खूणगाठ, पदराला मारलेली गाठ, लग्नगाठ, अंगात आलेली गाठ, रस्त्यात पडलेली गाठ आणि निवडणुकीतल्या गाठीभेटी. ‘डॉक्टरांनी गाठ काढली’ आणि ‘व्यापाऱ्याने गाठ सोडली’ या वाक्यांत एकाच शब्दाने दोन जगे उभी राहतात. कापसाच्या गाठीला हे नाव मिळाले ते बांधण्यावरून, म्हणजे यंत्राला नाव देताना इंग्रजीने दाबण्याकडे पाहिले आणि मालाला नाव देताना मराठीने बांधण्याकडे. एकाच यंत्रातून एकच वस्तू बाहेर पडत असताना एका भाषेला दाब दिसला, दुसरीला बंध. हे मला या सगळ्या विषयातले सर्वांत मोलाचे निरीक्षण वाटते, कारण उसनवारीच्या ऐन गर्दीतही मराठी स्वतःच्या डोळ्यांनी पाहत होती याचा तो पुरावा आहे.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा. बोलण्यात चालेल, पण पैशाच्या आणि कायद्याच्या ठिकाणी शब्दाला एकच अर्थ हवा. नाहीतर फसवणूक होते. खरे आहे, आणि कापसाच्या धंद्याने ते अनुभवलेही. गाठ म्हणजे किती? मुंबईची खंडी ७८४ पौंडांची आणि गाठ तिच्या निम्मी, ३९२ पौंडांची. पुढे सरकारी आकडेवारीत ४०० पौंडांची गाठ चालली, आणि आज गाठ १७० किलोची धरतात, साधारण पाच क्विंटल कापसाची एक. गाठीत ओला किंवा हलका कापूस मिसळला तर जबाबदार कोण हा प्रश्न होताच. म्हणून १९२५मध्ये कापूस जिनिंग आणि प्रेसिंग कारखान्यांसाठी केंद्रीय कायदा झाला. प्रत्येक प्रेसला ठरवून दिलेली खूण आणि क्रमांक गाठीवर उमटवणे त्याने बंधनकारक केले, म्हणजे गाठ लिव्हरपूलला फुटली तरी ती कुठे बांधली हे कळावे. या कायद्यात ‘प्रेसिंग कारखाना’ म्हणजे काय याची व्याख्या आरंभीच दिलेली आहे. ती का द्यावी लागली? कारण व्याख्येबाहेर शब्द मोकळा आहे हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक होते. व्याख्या हे कुंपण आहे. ते तेवढ्या कागदापुरते शब्दाला एका अर्थात राखते, आणि कागद मिटला की शब्द पुन्हा रानात जातो. व्यवहाराला एकार्थी शब्द लागतात ही गोष्ट भाषेच्या अनेकार्थीपणाच्या विरोधात जात नाही. व्यवहार आपल्यापुरते कुंपण घालून घेतो, इतकेच.

कुंपण नसेल आणि जागाही कळत नसेल तर काय होते, हे माणसापेक्षा यंत्राला जास्त भोगावे लागले. १९६०मध्ये बार-हिलेल या तत्त्वज्ञाने एक साधे इंग्रजी वाक्य पुढे ठेवले. ‘पेन’ या शब्दाचा अर्थ लेखणी असाही होतो आणि लहान मुलाला खेळायला ठेवायचे कुंपणही. खोके पेनमध्ये होते असे म्हटले तर ते कुंपण असणार, हे मुलालाही कळते, कारण लेखणीत खोके मावत नाही. हे वस्तूंच्या आकाराचे ज्ञान यंत्राला कुठून द्यायचे, असा त्याचा प्रश्न होता, आणि त्यावरून त्याने निर्दोष यांत्रिक भाषांतर अशक्य ठरवले. त्यानंतर यंत्रे बरीच पुढे गेली. शब्दाची ओळख त्याच्या शेजाऱ्यांवरून करायची, हे तत्त्व घेऊन ती अफाट मजकूर वाचतात आणि बहुतेक वेळा बरोबर अर्थ निवडतात. पण शेजारी शोधायला मजकूर हवा. मुंबई-पुण्याच्या मराठी मजकुरात ‘प्रेस’च्या शेजारी नोट, कॉन्फरन्स, क्लब हेच शब्द पुन्हा पुन्हा येतात. सरकी, रुई, गाठ आणि हमाली यांच्या सोबतीने नांदणारी प्रेस छापील मजकुरात फारच कमी उतरली, कारण जिनात-प्रेसमध्ये राबणाऱ्यांनी तिच्याबद्दल लिहिले नाही, आणि लिहिणाऱ्यांना ती दिसली नाही. म्हणून ‘हंगाम सरला, प्रेस बंद झाली, बाया घरी बसल्या’ असे कुणी खामगावात म्हटले, तर तिथल्या माणसाला एका क्षणात सारे कळते: सरकी संपली, पट्टे उतरले, आवारात राहिलेली रुईची लव वाऱ्यावर उडत असेल. परक्याला मात्र वाटेल की एखादे वर्तमानपत्र बंद पडले.